उंबरठ्याबाहेरची कासवं

सलग चौथ्या दिवशी दही लागलं नाही. प्रणितानं भांडं तिरपं करून पाहिलं, तर दूध आपलं कडेपर्यंत डुचमळतंय. चंद्रपूरचा मे महिना, बाहेर सेहेचाळीस अंश! अशा दिवसांत ओट्यावर राहिलेलं दूध न सांगता नासतं. पण हे तर नासायलाही तयार नव्हतं.

ओट्याखालून कासव बाहेर आलं आणि तिच्या पायापाशी थांबलं.

हे कासव तिनंच घडवलेलं. रेवाच्या वेळी दिवस गेले, तेव्हा खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की कोळशाची काजळी बोटाला यायची. आपलं लेकरू हेच हुंगणार, या धास्तीनं प्रणिताची झोप उडाली. बाई पडली यंत्रं बनवणारी, मग काय! तिनं ताटाएवढं चपटं यंत्र काढलं. ते पोटाखालून हवा ओढायचं, आतल्या जांभळ्या ठिणगीत धूळ जाळायचं आणि दिवसाकाठी वाटाण्याएवढी काळी गोळी टाकायचं. ना पिशवी, ना झटकाझटकी. शिवाय त्याला नाक होतं. जिवंत जंतू जिथे जास्त, तिथे जाऊन ते जंतुनाशक वाफ सोडायचं आणि बाकीच्या कासवांनाही खबर द्यायचं. अख्ख्या इमारतीनं ती घेतली. दाराखाली झडपा बसल्या, चाळीस कासवं घराघरांतून फिरू लागली. प्रणिताला शाल-श्रीफळही मिळालं.

रेवा आता अकरा महिन्यांची होती आणि चार महिने तिचं वजन वाढलं नव्हतं. खाल्लेलं तसंच बाहेर पडायचं.

"हिच्या पोटात चांगले जंतूच उरले नाहीत," त्या दुपारी डॉक्टर मुनघाटे म्हणाल्या. "दोनदा औषधातून दिले, टिकले नाहीत. तुमच्या घरात जिवंत राहतं तरी काय?"

डॉक्टरांनी वजनाचा तक्ता तिच्यापुढे सरकवला.

"घरचं, जिवंत दही मिळतं का बघा. दोन दिवसांत वजन आणखी उतरलं तर भरती करावी लागेल. आणि आमचा वॉर्ड तर तुमच्या घराहून स्वच्छ, तिथे एकही जंतू टिकायचा नाही."

दुकानातलं दही डबाबंद, आधीच तापवून मारलेलं. बल्लारपूरला आईकडे जावं, तर आईनंही कासव घेतलेलं, तेही लेकीच्या सवलतीत! प्रणितानं घरी येऊन आपलं कासव बंद केलं. दहा मिनिटांत शेजारचं झडपेतून आत आलं. त्याला उलटं केलं, तर मागून दोन आली. एकमेकांना खबर द्यायची अक्कल तिनंच घातली होती ना.

मग तिला तळमजल्यावरच्या वच्छलाकाकू आठवल्या. झडप बसवायला आलेल्या माणसाला काकूंनी चहा पाजून परत पाठवलं होतं आणि दारात वीतभर उंच उंबरठा घालून घेतला होता. कासवं तिथे येऊन थडकायची आणि मागे फिरायची. इमारत काकूंना हसली होती. प्रणिताही हसली होती.

ती रेवाला कडेवर घेऊन खाली गेली, तेव्हा काकू तुळशीपाशी दिवा ठेवत होत्या.

"काकू, चमचाभर विरजण द्या."

"दिवे लागले ना पोरी. तिन्हीसांजेले विरजण देत नसतात, लक्ष्मी जाते. सकाळी ये."

"सकाळपर्यंत नाही थांबता येत हो! हिच्याकडे बघा."

काकूंनी रेवाच्या काडीसारख्या दंडाला हात लावला. "अगं बाई! थांब. मिरचीचे देठ टाक दुधात, त्यानंबी दही लागते." त्यांनी कुंडीतल्या चार हिरव्या मिरच्या तोडल्या. प्रणितानं हात पुढे केला, तशा त्या मागे सरल्या. "हातात नोको घेऊ. मिरची हातात दिली का भांडण होते." आणि त्यांनी मिरच्या उंबरठ्याबाहेर फरशीवर ठेवल्या.

प्रणिता वाकेपर्यंत जिन्याखालून कासव आलं, मिरच्यांवरून गेलं आणि पुढे निघून गेलं. फरशीवर देठसुद्धा उरला नाही.

काकू बघतच राहिल्या. मग आत गेल्या, मडक्यातलं दही वाटीत काढून आणलं आणि वाटी सरळ तिच्या हातात दिली. "लक्ष्मी गेली तं जाऊ दे. ही राहिली पाहिजे."

वर घरी येऊन प्रणितानं कोमट दुधात विरजण घातलं, भांड्यावर झाकण घट्ट बसवलं, ओढणीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन पलंगावर बसली. नवरा खाणीत पाळीवर होता. पलंगाभोवती कासवं जमत गेली.

सकाळी तिनं झाकण काढलं. दही लागलं होतं! कवडी पडावी तसं घट्ट. प्रणिताला रडूच फुटलं. तिनं चमचाभर दही रेवाला भरवलं. रेवानं तोंड वाकडं केलं, मिटक्या मारल्या आणि पुन्हा आ केला. सहा चमचे खाल्ले पोरीनं.

तेवढ्यात खाली जमलेल्या कासवांची घरघर बदलली. आतापर्यंत भांड्याकडे रोखलेली नाकं एकेक करून रेवाकडे वळली. माणसापासून हातभर लांब थांबायचं, हा नियम प्रणितानं घातला होता, आणि कासवं तो पाळत होती. वाफ किती लांबून सोडायची, याचा नियम मात्र घालायचा राहून गेला होता. पहिली फुस्स झाली आणि रेवा खोकली.

प्रणितानं तिला पदराआड धरावं तसं ओढणीत लपेटलं, भांडं काखेत मारलं आणि अनवाणी जिना उतरली. मागे पायऱ्यांवर कासवं आपटत होती. वच्छलाकाकूंनी दार उघडलं.

"ये आत. राह्य हितंच, जितके दिवस लागन तितके."

प्रणिता उंबरठा ओलांडून आत आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. उंबरठ्यावर पहिलं कासव थडकलं. मागे फिरलं. पुन्हा थडकलं. रेवा तिच्या कुशीत चाटलेलं बोट चोखत होती.

"काहून भेते एवढी?" काकूंनी विचारलं. "हे इथं चढत नाहीत ना?"

प्रणितानं वीतभर उंबरठ्याकडे पाहिलं. पाय असलेल्या नव्या कासवाचा आराखडा तिनं गेल्याच आठवड्यात सही करून कारखान्यात पाठवला होता. पहिली खेप सोमवारी याच इमारतीत येणार होती.

"बोल ना पोरी," काकू म्हणाल्या. "चढतात का?"