‘म’पाशी अडलेला शब्द

पाऊस इतका बारीक होता की तो पडतोय की नुसताच हवेत तरंगतोय, तेच कळत नव्हतं. मॅरियन इलिंगवर्थच्या केसांना मात्र तो बरोबर कळला होता. स्टोनगेटच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ती शिरली तेव्हा कपाळावरून पाणी ओघळत होतं, ऑफिसला उशीर झाला होता, आणि पुढे एक उंच, किडकिडीत तरुण काउंटरपाशी सगळ्यांना खोळंबवून उभा होता.

“तो… तो समोरचा कॉमेस्टिबल द्या,” तो म्हणाला.

काउंटरमागची बाई त्याच्याकडे बघतच राहिली. “कसलं टेबल?”

त्याने बोट दाखवलं. समोर मनुके घातलेला एक साधा बन होता.

मॅरियनला हसू आवरेना. ती शब्दकोशाच्या कचेरीत काम करत होती. कॉमेस्टिबल म्हणजे खाण्याजोगी वस्तू, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण यॉर्कसारख्या गावात, सकाळच्या गर्दीत, बन मागायला तो शब्द वापरणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. स्वतःचा पाव घेऊन ती बाहेर आली, तर तो दारातच छत्री उघडत होता.

“एका बनसाठी एवढा मोठा शब्द?” तिला राहवलं नाही.

“भूक मोठी होती,” तो म्हणाला.

“तुमच्या भुकेपायी मला उशीर झाला.”

“रागावलात… मग तर छत्रीखाली यायलाच हवं. अंब्रेज म्हणजे रुसवा, आणि अंब्रेला ही. दोघं एकाच घरातली. मूळ शब्द अंब्रा, म्हणजे सावली.”

“अ‍ॅडम्ब्रेट राहिला,” मॅरियन म्हणाली. “पुसटशी रूपरेषा काढणं. तोही त्याच घरातला.”

तो चालता चालता थांबला. पावसातच. छत्री तिच्या डोक्यावर, आणि त्याचा स्वतःचा खांदा भिजत चाललेला. परमुलखात कुणीतरी अचानक आपल्या गावचं निघावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

दोघं एकाच दाराशी थांबली, तेव्हा कुठे उलगडा झाला. तो विल्फ्रेड सग्डन. डॉक्टर ब्रॉडबेंटच्या शब्दकोशासाठी नेमलेला नवा साहाय्यक. आज त्याचा पहिला दिवस.

हा कोश एकाच खंडाचा होणार होता. पाद्री, शाळामास्तर आणि शब्दकोडी सोडवणारे यांच्यासाठी, क्वचित वापरले जाणारे शब्द आणि त्यांचा सगळा गोतावळा त्यात यायचा होता. खिडकीजवळच्या टेबलाशी मॅरियन, समोर विल्फ्रेड, आणि कोपऱ्यात टंकलेखन करत साऱ्या जगाची खबर ठेवणाऱ्या मिसेस ऑकरबी.

पहिल्याच आठवड्यात मॅरियनचा त्याच्यावरचा राग पक्का झाला. बाकी सगळे तिला ‘मिस इलिंगवर्थ’ म्हणत. हा मात्र सरळ, “इलिंगवर्थ, ती कात्री देता?”

“मी काय तुमच्या शाळेतला मुलगा आहे?” ती एकदा फणकारली. “मिस म्हणायला जीभ झिजते का?”

तो कानापर्यंत लाल झाला. कात्रीही न घेता परत गेला.

मग ‘एम’ अक्षराची मुद्रितं आली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीशी ताडून पाहायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी वाचायची पाळी विल्फ्रेडची होती. पहिल्या दोन ओळी त्याने वाचल्या. मग—

“म… म…”

तोंड उघडं राहिलं. मानेची शीर ताठ झाली. ओठ मिटत होते, उघडत होते, पण आवाज कुठेतरी आतच कोंडला होता. मिसेस ऑकरबींचं यंत्र थांबलं.

मॅरियनला एका क्षणात सगळं कळलं. बन का नाही, मिस का नाही. इंग्रजी शब्दांच्या तोंडाशी असलेले ‘ब’ आणि ‘म’ बरेचदा त्याच्या वाटेत आडवे येत होते. ते चुकवायला तो आयुष्यभर लांबलांबच्या आडवाटेच्या शब्दांनी चालत आला होता. छापलेल्या पानावर मात्र आडवाट नव्हती. समोरचा शब्द तिला दिसत होता, तो तिच्या अगदी जिभेवर आला होता… पण ती गप्प राहिली. पेन्सिल ओळीवर ठेवून, सहज, जणू बाहेर ट्राम जायची वाट बघावी तशी.

“…मॅग्नॅनिमस,” तो शेवटी म्हणाला.

“मोठ्या मनाचा,” तिने अर्थ वाचला. “पुढे?”

संध्याकाळी जिन्यावर त्याने तिला गाठलं. “तुम्ही मध्ये बोलला नाहीत.”

“शब्द तुमचा होता.”

“सगळे बोलतात. माझी आईसुद्धा.” तो थोडा थांबला. “उद्या तो… तो मनुके घातलेला कॉमेस्टिबल आणू का, तुमच्यासाठी?”

ती हसली. “आणा. आणि इलिंगवर्थच म्हणत जा. माझी हरकत नाही.”

‘ओ’ येईपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. एका धुकट सकाळी ती मोठ्याने वाचत होती आणि मध्येच अडखळली. तिची जीभ चांगली धड असूनही.

“का थांबलीस?” विल्फ्रेडने साळसूदपणे विचारलं. “वाच की. ऑस्क्युलेट.”

“क्रियापद,” ती पानात बघत म्हणाली. “चुंबन घेणे.”

“व्युत्पत्ती?”

“लॅटिन. मूळ अर्थ, छोटंसं तोंड.”

“उदाहरण नाही दिलेलं?”

“नाही.”

“कोश अपुरा आहे, इलिंगवर्थ.”

“पोरांनो, मी बहिरी नाहीये,” कोपऱ्यातून मिसेस ऑकरबी म्हणाल्या. उदाहरण त्याच संध्याकाळी नदीकाठी, पुलाच्या कमानीखाली सापडलं. त्याचे ओठ थंडगार होते आणि चष्मा तिच्या गालाला टोचला. दोघंही हसत सुटली.

‘आर’मध्ये त्यांचं पहिलं खरं भांडण झालं. रूथ, म्हणजे दया, हा शब्द मेलेला आहे, गाळून टाका, असं डॉक्टर ब्रॉडबेंट म्हणत होते, आणि मॅरियनलाही ते पटत होतं.

“रूथलेस सगळ्यांना हवा,” विल्फ्रेड म्हणाला, “निर्दय माणसं ढीगभर आहेत. मग नुसती दया कुठे गेली? रूथ राहू दे. शेजारी रू आहे, पस्तावणं. त्याच्यापासूनच हा झालाय.”

“दया आणि पस्तावा? यांचं नातं कसं जुळलं?”

“स्वतःचं दुखल्याशिवाय दुसऱ्याचं दुखणं कळत नसेल,” तो म्हणाला. “निदान जुन्या लोकांना तसं वाटत असणार.”

शब्द राहिला. तिने स्वतः जाऊन डॉक्टरांची समजूत घातली.

आणि याच दिवसांत, केव्हा ते तिलाही सांगता आलं नसतं, मॅरियन त्याची वाक्यं पुरी करू लागली. प्रेमानेच. आता तिला तो इतका ठाऊक झाला होता! तो “आज संध्याकाळी…” म्हणाला की ती “सिनेमा” म्हणायची. तिकिटाच्या खिडकीशी त्याचे ओठ मिटू लागले, मागच्या रांगेत कुणी खाकरलं, की ती पुढे होऊन तिकिटं मागायची. बहुतेक वेळा तिचा शब्द बरोबर असायचा. तिला त्याचा अभिमान वाटायचा. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही ते आपल्याला ऐकू येतं, असा.

“लग्न होऊन वीस वर्षं झाल्यासारखं वागता तुम्ही,” मिसेस ऑकरबी म्हणाल्या. “बोलायचं त्याने, आवाज तुझा.”

‘टी’मध्ये टॅसिटर्न आला. अबोल, मितभाषी.

“हा तू,” मॅरियन त्याला चिडवत म्हणाली. “याचा भाऊ टॅसिट. न बोलता समजलेलं. म्हणजे आपण दोघं.”

विल्फ्रेड हसला नाही. “मी टॅसिटर्न नाहीये. मला खूप बोलायचं असतं. मला फक्त… मला…”

“वेळ लागतो,” ती म्हणाली, आणि प्रेमाने त्याच्या हातावर हात ठेवला.

त्याने तो हात बराच वेळ पाहिला. तो दमला असेल, असं तिला वाटलं.

फेब्रुवारी सरताना कुणकुण लागली. मँचेस्टरच्या एका मोठ्या छापखान्याने विल्फ्रेडला बोलावलं होतं, मुद्रितशोधकांचा प्रमुख म्हणून. ही बातमी मिसेस ऑकरबींकडून आली, त्याच्याकडून नाही. मॅरियन रोज वाट बघायची. तो रोज काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि दुसरंच बोलायचा. ती रात्री पडल्या पडल्या स्वतःला बजावायची की त्याने सांगितलं की रडायचं नाही. इतकी चांगली नोकरी, तिथे बोलायचं कमी आणि वाचायचं जास्त. आपण त्याच्या पायातली बेडी व्हायचं नाही.

रविवारी दुपारी दोघं गावाच्या जुन्या तटावर फिरायला गेली. उतारावर डॅफोडिल नुकते पिवळे होऊ लागले होते. वारा होता, मध्येच पावसाचे शिंतोडे. विल्फ्रेडने नवा टाय लावला होता. ते तिच्या लक्षात आलं, पण नवी नोकरी म्हणजे नवा टाय, असा तिने अर्थ लावला.

बुरुजापाशी तो थांबला. टोपी काढली.

“इलिंगवर्थ, माझं ठरलंय. मी आज सांगणारच. मला म… म…”

ती त्याच्या ओठांकडे बघत होती. ते मिटले, घट्ट. पुन्हा मिटले. शेजारून एक कुटुंब गेलं, त्यातल्या बाईने वळून पाहिलं. वाऱ्याने त्याचे केस विस्कटले होते. आठवडाभर ती याच शब्दाला भीत होती. तिला तो शब्द लवकर संपवून टाकायचा होता, दुखरा दात उपटून टाकावा तसा.

“मँचेस्टर,” ती म्हणाली. “मला माहीत आहे, विल्फ्रेड. तू मँचेस्टरला चाललायस.”

त्याचे ओठ अजून मिटलेलेच होते. मग ते हळूच सुटले. मानेची शीर खाली बसली. तो तिच्याकडे असा बघत राहिला की नंतर कितीतरी दिवस तिला ती नजर उलगडली नाही.

“…हो,” तो म्हणाला.

“मला आनंद आहे,” ती म्हणाली. ठरवल्यासारखी, न रडता. “खरंच. तू जायलाच हवंस.”

“जायलाच हवं?”

“नाही तर काय.”

तो टोपी हातात फिरवत राहिला. तिने आणखी काही म्हणावं म्हणून थांबल्यासारखा. ती पिवळ्या फुलांकडे बघत राहिली. मग पाऊस वाढला आणि दोघं जिना उतरली, पायऱ्या निसरड्या आहेत, जपून, एवढंच बोलत.

तो गेला तेव्हा कोश ‘डब्ल्यू’वर आला होता. सुरुवातीला त्याची पत्रं यायची. तीही उत्तरं द्यायची, आनंदी, विनोदी. एकटेपणाचा वासही लागू नये अशी. मग पत्रं विरळ झाली.

कोश छापून बाहेर पडला तेव्हा मँचेस्टरच्या ग्रंथालयात छोटासा समारंभ झाला. मॅरियन डॉक्टर ब्रॉडबेंटबरोबर गेली होती. भाषणांच्या वेळी मागच्या रांगेत तो दिसला. थोडा भरलेला, केस मागे सारलेले. डाव्या हातात अंगठी.

“येत्या इस्टरला लग्नाला वर्ष होईल,” स्टेशनच्या चहाच्या खोलीत तो म्हणाला. तिची गाडी सुटायला अवकाश होता. “डिलिस. शाळेत शिकवते. वेल्सची आहे, घरात सारखी गाणी.”

“छान,” मॅरियन म्हणाली, आणि तिला ते मनापासून म्हणायचं होतं.

त्याने चमच्याने चहा उगाच ढवळला. “एक सांगू? तटावर त्या दिवशी… मला मँचेस्टर म्हणायचं नव्हतं.”

तिने कप खाली ठेवला.

“मला तुला लग्नाचं विचारायचं होतं. ‘मॅरी मी’मधला ‘मॅरी’. तोच शब्द अडला होता.” आता तो शब्द त्याच्या तोंडून अगदी सहज आला.

खोलीत बश्यांचा आवाज होत होता. मॅरियनला तो खूप लांबून येतोय असं वाटलं.

“मग हो का म्हणालास?”

“तू शब्द पुढे केलास. लोकांनी पुढे केलेला शब्द घ्यायची मला सवय आहे. किती वेळा नको त्या गावाचं तिकीट घेऊन नको त्या गावी गेलोय मी, नुसतं नाही म्हणायचे कष्ट नको म्हणून.” तो किंचित हसला. “आणि तू म्हणालीस, आनंद आहे. मला वाटलं, तुला कळलंय काय विचारणार होतो ते, आणि तू मला नकार ऐकण्यापासून हलक्या हाताने वाचवलंस.”

“पण तुझ्याकडे दुसरे शब्द होते,” ती जवळजवळ रागावून म्हणाली. “लग्न करण्याला ‘एस्पाउज’ होता. ‘वेड’ होता, ‘वेडिंग’मधला. तू बनसाठी सुद्धा—”

“होते,” तो म्हणाला. “सगळे ठाऊक होते. पण तेवढा एक शब्द मला बदलायचा नव्हता. तो सरळ, सगळे म्हणतात तसा म्हणायचा होता. तुझ्यापाशी म्हणता येईल असं वाटलं होतं. थोडा वेळ लागला असता, एवढंच.”

बाहेर कुणीतरी गाडीची घोषणा केली. तिची नव्हती.

“तू काय म्हणाली असतीस?” त्याने विचारलं. अगदी हळू.

मॅरियनने तोंड उघडलं. आणि जिला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नव्हता, तिच्या गळ्यातून आवाजच निघेना. ओठ मिटत होते, उघडत होते. डोळे भरले. विल्फ्रेड मध्ये बोलला नाही. त्याने मान वळवली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. चहाच्या कपाभोवती हात धरून तो नुसता थांबला. शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली, तरी तो थांबला.

“हो,” ती म्हणाली. “मी हो म्हणाले असते.”

त्याने डोळे मिटले, आणि उघडले.

“मग मी उगाच…” तो म्हणाला.

पुढचं वाक्य आलं नाही. ते काय असेल, हे मॅरियनला स्वच्छ दिसत होतं. तिने ते पुरं केलं नाही.