चोरलेली चाल

छावणीचा गुरुवारचा बाजार उठायला आला होता. ताडपत्र्यांखाली संध्याकाळ जरा आधीच झाली होती... आणि लुबना एका अनोळखी तरुणाच्या मागं मागं चालली होती.

तरुण तिच्याच वयाचा असावा. पण चाल—! चाल मात्र सत्तरीची. पाऊल आधी हळूच टेकवायचं, जमिनीचा अंदाज घ्यायचा आणि मग त्यावर भार द्यायचा. मेथीच्या ढिगापाशी तो थबकला आणि वळसा घालून पुढं गेला. लुबनाही थबकली, वळसा घालून गेली. त्याच्यासारखेच खांदे पुढं काढून, त्याच्यासारखंच पाऊल चाचपत. लसणाची बाई तिच्याकडे बघून पदराआड हसली.

तो एकदम वळला. लुबनाचा एक पाय हवेतच राहिला.

"मघापासून मागं मागं येताय. चपलांचा आवाज येतोय."

"तुमची चाल चोरतेय," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"काय चोरताय?"

"म्हणजे... मी व्हिडिओ गेममधल्या माणसांना चालायला शिकवते. म्हाताऱ्यांची चाल बघायला आले होते. तर तुम्ही सापडलात."

"मी म्हातारा?"

"तुम्ही नाही हो... तुमचे पाय."

तो हसला. हसताना त्याचा वरचा एक आडवा दात दिसला. "घ्या चोरून. पण चोराचं नाव तरी कळू द्या."

"लुबना. आणि मालकाचं?"

"मुनीब."

तो पुण्यातली कोड लिहायची नोकरी सोडून नुकताच पडेगावला, आपल्या घरी परतला होता. का सोडली, हे त्यानं सांगितलं नाही. तिच्या ऑफिसात तेव्हा अशाच एका माणसाचा शोध चालला होता. "सोमवारी या की," ती म्हणाली. तो आला.

ऑफिस शहरात, निराला बाजारात, कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथं एक गाव तयार होत होतं. खेळातलंच, पण त्यात माणसं जन्मायची, वाढायची, लग्न करायची, म्हातारी व्हायची आणि मरायची. खेळणाऱ्यानं एका घरात शिरायचं आणि त्या घराच्या पिढ्या जगायच्या. माणसं चालायची कशी, वाकायची कशी, हे लुबनाकडे. आईबापाचं मुलांत काय उतरायचं, हे मुनीबकडे. दोघांच्या घरी दखनी बोलली जायची, पण लुबना फुलंब्रीच्या मराठी शाळेत शिकलेली आणि ऑफिसात सगळी मराठीच, म्हणून दोघं एकमेकांशीही मराठीतच बोलू लागली.

"आईची खळी, बापाचं कपाळ... कसं ठरवतोस रे?" तुम्हीचं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"नाणेफेक. एकेका गोष्टीला एकेक नाणं."

"म्हणजे नशीबच की."

"नशिबालाही नियम लागतात. ते लिहायचा पगार मिळतो मला."

नियम तपासायचे म्हणजे गावातला काळ पळवायचा. डब्यातली पोळी संपेपर्यंत पडद्यावर एक पिढी म्हातारी व्हायची.

"तुझी चतुराबाई गेली रे."

"अरेरे! कधी?"

"तुला भेंडी वाढत होते तेव्हा."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"भेंडी गार झाली असती."

राजेंद्र सर केबिनमधून ओरडायचे, "मेलेल्यांवर हसू नका, त्यांचा वंश तपासा!" आणि दोघं आणखीच हसायची.

प्रेम नेमकं कधी सुरू झालं, हे सांगणं अवघड आहे. मला तरी ते कधी नीट पकडता आलेलं नाही. एवढं खरं, की लुबना डब्यात भेंडी जरा जास्त आणू लागली... आणि समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरू लागलं, की तिचं लक्ष मुनीबच्या खुर्चीकडे जायचं. कारण ऊन उतरायच्या आत मुनीब रोज निघून जायचा. काम कितीही राहिलेलं असो. "चहा घेऊन जा ना," ती म्हणायची. "उद्या," तो म्हणायचा. आणि तो उद्या काही यायचा नाही.

एक दिवस तिला गावात चूक सापडली.

"मुनीब, हे बघ. वेशीजवळचं हे घर. या घरातला माणूस संध्याकाळी एकटाच विहिरीपर्यंत जातो, उभा राहतो आणि परत येतो. याचं लग्नच होत नाही. हा मेला, की दुसऱ्या घरात कुणीतरी असाच एकटा निघतो. तुझ्या नियमात कुठंतरी गडबड आहे."

मुनीब पडद्याकडे बघत राहिला. "गडबड नाही. मीच तसं लिहिलंय."

"काय लिहिलंयस?"

"ज्याची नजर अधू, त्याचं लग्न नाही. म्हणजे ते पुढं जात नाही."

"पण दर पिढीला एक निघतोच आहे की."

"व्हय. कुठून तरी नव्यानं येतंच... निदान आपण तरी पुढं ढकलू नये."

*आपण.* लुबनाला बाजारातली ताडपत्री आठवली. ते चाचपत टेकलेलं पाऊल आठवलं. आणि लसणाच्या बाईसमोर आपण केलेली नक्कल आठवून तिचे कान तापले.

"तुला... संध्याकाळी दिसत नाही?"

"उजेड कमी झाला, की नाही दिसत. हळूहळू कडेचंही जाईल. मग सगळंच." बाजारभाव सांगावा तसं त्यानं सांगितलं. "अब्बा एसटीत कंडक्टर होते, फुलंब्रीच्या गाडीवर. त्यांचं असंच गेलं. अम्मीची फसगत झाली. तिला कुणी सांगितलंच नसणार. जन्मभर ती त्यांचा हात धरून चालतेय. माझ्या पोरातही निम्म्यानं ते यायची शक्यता... नाणेफेक आहे, लुबना. मला ती करायचीच नाही."

"नाणं तुझ्या एकट्याचं असतं का?"

"आपण गेमबद्दल बोलतोय."

"व्हय. गेमबद्दलच." ती उगाचच खोकली. "मग गेमसाठीच विचारते. मला तुझ्या अब्बांची चाल बघायचीय. तुझी चोरली, ती अर्धवट निघाली."

रविवारी ती पडेगावला गेली. अंगणात खुर्ची टाकून मुनीबचे अब्बा, करीमचाचा, बसले होते आणि त्याची अम्मी, जाहेदाचाची, त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या.

"...आणि उद्यापासून कांदा स्वस्त होणार आहे."

"बातमी चांगली आहे जाहेदा, पण पेपरात नसेल ती."

"नाही का असेना. तुम्हाला खुश बघायचं होतं," म्हणत चाचींनी पेपर मिटला. "ये बेटी. चाल बघायला आलीस म्हणं. यांची चाल बघायला पहिल्यांदाच कुणी आलं!"

"चाल कसली, बस आहे आमची," करीमचाचा उठत म्हणाले. "जाहेदा ड्रायव्हर, मी कंडक्टर."

त्यांनी चाचींच्या कोपरावर हात ठेवला आणि बोटानं दोनदा टकटक केली. दोघं निघाली. फाटकापाशी एकच टकटक झाली. दोघं थांबली.

"एक बेल थांबायची, दोन निघायच्या," चाचा म्हणाले. "नोकरी गेली, पण बेल मी सोडली नाही."

"आणि गाडी भलतीकडं नेली, तरी बेल हेच मारतात," चाची म्हणाल्या.

लुबना वहीत चालीची चित्रं काढायचं विसरून बघतच राहिली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "चाची... आधी माहीत असतं तर?"

दारात चहाचा ट्रे घेऊन आलेला मुनीब जागीच थांबला.

"माहीत होतंच की," चाची सहज म्हणाल्या. "यांच्या वालिदांचंही तसंच होतं. निकाहाआधी यांनीच येऊन सांगितलं. अब्बा माझे चिडले, नको म्हणाले. मी म्हटलं, जो माणूस एवढं लपवत नाही, तो आणखी काय लपवणार? हौ म्हणून टाकलं." त्या हसल्या. "आणि फायदा बघ ना. यांची नजर गेली, तेव्हा मी बत्तीसची होते. यांच्यापुरती मी अजून बत्तीसचीच. मोहल्ल्यात दाखव अशी दुसरी बाई!"

"आवाज मात्र साठीचा झालाय," चाचा पुटपुटले.

मुनीबनं ट्रे उंबऱ्यापाशीच खाली ठेवला. त्यानं अम्मीला हे कधी विचारलंच नव्हतं. घरातला सगळ्यात मोठा प्रश्न... आणि तो त्याच्याभोवती रोज वळसा घालून जात राहिला होता, मेथीच्या ढिगाभोवती जावं तसा.

लुबनानं दोघांची मिळून एक चाल तयार केली. कोपरावर हात, दोनदा टकटक, निघणं. ती मुनीबच्या हाती देताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"ही फक्त लग्न झालेल्यांना लागू होते. तुझा नियम आहे तोवर गावात कुणी असं चालणार नाही. पुढं तू बघ."

दिवस गेले. वेशीवरचा माणूस एकटाच विहिरीपर्यंत जात राहिला. डब्यातली भेंडी तशीच परत जाऊ लागली. लुबनानं ठरवलं, आता विचारायचं नाही. माणूस नाही म्हणतो, तेव्हा ते ऐकायला तरी शिकावं...

मग एका संध्याकाळी भिंतीवरचं ऊन उतरलं आणि मुनीब उठलाच नाही. बाकीचे निघून गेले. खिडकीत थोडाच उजेड उरला.

"लुबना... इकडं ये ना जरा."

पडद्यावर वेशीवरचा माणूस विहिरीकडे चालला होता. त्याचा हात कुणाच्या तरी कोपरावर होता. ती बाई म्हातारी होती, केस पांढरे, पाठ वाकलेली. मागं तिची मोठी झालेली तीन पोरं, एकाचं पाऊल चाचपत पडणारं.

"आता त्याच्या डोळ्यांतून बघ," मुनीब म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

तोच रस्ता, पण धूसर. आणि त्या धूसरात एकच चेहरा लख्ख... तरुण, काळ्याभोर केसांचा, त्यानं शेवटचा पाहिला होता तसा.

"नियमात नवी ओळ घातलीय," तो म्हणाला. "अम्मीची आहे."

लुबनानं खुर्ची ओढली, खिडकीजवळ नेली आणि त्याच्यासमोर बसली.

"मग मला नीट बघून घे. उजेड आहे तोवर."

"बघतोय की."

"असं नाही. पुढं लई वर्षं पुरायला पाहिजे."

तो बघत राहिला. तिच्या भुवईजवळचा देवीच्या वणासारखा खड्डा, कानामागून निसटलेली बट... "आणि पोरांचं काय, लुबना?" तो हळूच म्हणाला.

"डॉक्टरांना विचारू. चाचींना विचारू. आपसात भांडू. पण एकट्यानं नाही ठरवायचं."

"आणि तुझी अम्मी नको म्हणाली तर?"

"तिला मी सांभाळते. तू फक्त येऊन सांग. करीमचाचांनी सांगितलं तसं."

"सांगतो," तो म्हणाला. "...हौ म्हणशील?"

"भेंडी कुणासाठी आणत होते मग, राजेंद्र सरांसाठी?"

बाहेर जिन्यावरचा दिवा गेलेला होता. याआधी कुणी हात पुढं केला, की मुनीब तो टाळायचा. लुबनानं हात पुढं केला नाही. ती नुसतीच कोपर जरा बाहेर काढून पहिल्या पायरीवर उभी राहिली, आपलं आपण थांबल्यासारखी.

मागं मुनीबचं पाऊल चाचपत दारापर्यंत आलं आणि थबकलं.

मग कोपरावर बोटं टेकली... आणि दोनदा टकटक झाली.