तारापुंगावरचा उंदीर

रिपेकाने मेणाची वडी टेबलावर ठेवली. वडीच्या कडेला दातांच्या बारीक खुणा होत्या. दोन-दोन, शेजारी शेजारी.

"माझ्या पोत्यातून तारापुंगा बेटावर उंदीर उतरला म्हणतात," ती म्हणाली. "एक्याऐंशीची आहे मी. या वयात उंदीर पाळीन होय?"

ब्लफ बंदरात खासगी तपासाचं काम करणाऱ्या अरापेराने वडीचा वास घेतला. शेंगदाण्याच्या लोण्याचा. उंदीर आलाच तर कळावं म्हणून बेटावर अशा वड्या खुंट्यांना ठोकलेल्या असतात.

"तुम्ही बेटावर कधी गेला होता?"

"यंदा अजून नाही. पोती भाच्याने पुढे नेली, ही वडी बोटीने परत आली. उद्या दुपारी बारा वाजता बेटावर हक्क असलेली सगळी घरं रेडिओवर बोलून ठरवणार. उंदीर आहे असं ठरलं, तर यंदा तीती पक्ष्यांची पिलं खाण्यासाठी धरायला कोणी जायचं नाही. पुढच्या वर्षाची मला खात्री नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बोटीने निघाले. तिसरा डूगल, अरापेराचा मदतनीस. तो बोटीच्या कडेला ओणवा होता.

"बेटावर पाय रुतला, तर भोक उघडं टाकू नकोस," रिपेका त्याला म्हणाली. "खाली तीतीचं बीळ असतं. नेच्याची पानं कोंबायची, वर गवताचं ढेकूळ. नाहीतर पिलू भिजून मरतं. होआनी पाच वर्षांचा होता, तेव्हा मीच त्याला शिकवलं."

"होआनी कोण?"

"धाकटा भाऊ, आधीच बेटावर गेलाय. आई गेल्यावर मीच वाढवला."

तारापुंगावर उतरताच एक इवलासा करडा पक्षी डूगलच्या बुटावर येऊन बसला.

"उंदीर होते तेव्हा हे नव्हते," रिपेका म्हणाली. "नुसता वारा ऐकू यायचा. वीस वर्षांपूर्वी शेवटचा उंदीर मारला, मग एकेक परत आले."

ती होआनीच्या झोपडीत जाऊन बसली. अरापेरा आणि डूगल उतारावर गेले.

ती वडी जिथून काढली होती, त्या खुंटीशेजारी बिळाच्या तोंडाशी उंदराच्या लेंड्या होत्या. अरापेराने एक बोटांत धरली, तर तिची भुकटी झाली. वीतभर अंतरावर गवताचं एक ढेकूळ सैल दिसलं. तिने ते उचललं. खाली नेच्याची दुमडलेली पानं, त्याखाली भोक. तिने हात घातला आणि पटकन मागे घेतला.

"चावलं?" डूगलने विचारलं.

"तीतीचं पिलू. चांगलं गुबगुबीत आहे." तिने पानं आणि ढेकूळ होतं तसं ठेवलं.

पक्षी मोजणारी आयला जानेवारीपासून बेटावर होती. "माणसं नाही आली तर माझं काम सोपं होईल, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण यंदा बिळं दुपटीने वाढलीत. उंदीर आला तर मी रडत बसेन."

"पाय रुतला तर काय करतेस?"

"नारिंगी झेंडी लावते. नंतर येऊन दुरुस्त करते."

भाचा रेवी शहरातला, बेटावर पहिल्यांदाच आलेला. "आंटीची पोती मीच आणली. तपासून आणली."

"आणि पाय रुतला तर?"

"बाहेर काढतो. अजून काय करतात?"

होआनीच्या खिडकीत उंदरांचे पाच जबडे ओळीने मांडलेले होते, जुन्या मोहिमेची आठवण. चारांवर धूळ होती. रिपेका बाहेर ओट्यावर गेलेली पाहून अरापेराने हळूच विचारलं, "बहिणीची तब्येत बरी असते ना?"

होआनी चहा ओतत होता. कप भरून वाहिला तरी ओततच राहिला. "गेल्या वर्षी त्या उतारावर पडली. दोन तास एकटी पडून होती. कोणाला सांगायचं नाही म्हणाली."

बाराला दहा मिनिटं होती. अरापेराने सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

"उंदीर कुरतडतो तेव्हा वरचे दात रोवतो आणि खालचे ओढतो. दोन्हींच्या खुणा उमटतात. या वडीवर एकाच जोडीच्या आहेत, म्हणजे नुसता जबडा दाबलाय. लेंड्या कित्येक वर्षांच्या. शेजारच्या बिळातलं पिलू धडधाकट."

"मग हे केलं कोणी?" डूगलने विचारलं.

"लेंड्या ठेवताना त्याचा पाय रुतला. लबाडी तिथेच टाकून त्याने आधी भोक बुजवलं. आयलाने झेंडी लावली असती. रेवीला बुजवतात हेच माहीत नाही. आणि खिडकीतल्या एका जबड्यावर धूळ नाही."

होआनीने मान वर केली नाही. "लेंड्याही त्याच मोहिमेतल्या, डब्यात ठेवलेल्या. बेट एक वर्ष बंद राहिलं, तर ती घरी राहील, एवढंच मनात होतं. ठपका तिच्या पोत्यावर येईल असं वाटलंच नाही."

"मला सरळ सांगायचंस," रिपेका म्हणाली.

"तू ऐकतेस कधी?"

"नाही ऐकत," ती म्हणाली.

आत रेडिओ खरखरला. रिपेका उठली आणि तिने बटण दाबलं. "तारापुंगावर उंदीर नाही. एक म्हातारा आहे, माझा भाऊ. तुम्ही या, मग तो स्वतःच्या तोंडाने सांगेल. आणि यंदा उतारावर तो जाईल. मी ओट्यावर बसून पिसं काढीन."

होआनीने बाहीने डोळे पुसले. "भोकं बुजवीन मी नीट."

"ते कळलं आम्हाला," रिपेका म्हणाली.

मग ती अरापेराकडे वळली. "ते पिलू खरंच बरं आहे?"

अरापेराने बोट दाखवलं. त्यावर लाल ओरखडा होता.

"मग बरं आहे," रिपेका म्हणाली.