पंचफुलाचा टाक

मोबाईलचा टॉर्च बंद कर रे हेमंत, डोळ्यात मारून राहिला नुसता. पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर आला, चौकाचौकात फलक लागले. अन् लाईट? लाईट जायची तेव्हा जातेच. असू दे. कंदील आहे आपला. अनुराधा, तो मधात ठेव बाई. अन् दाराच्या चौकटीपाशी भिंतीले टेकून कोण बसलं? श्रीकांत? बरं, बस, बस.

भुताचीच गोष्ट पाहिजे ना तुम्हाले? मंग ऐका. ही ऐकीव नाही. गुणवंता पेंटर माह्या बापाचा दोस्त. मी त्याच्याच तोंडून ऐकली, अन् जे त्यानं गाळलं ते त्याच्या बायकोनं सांगितलं. खोटं वाटलं त खोटं म्हणा, मले काही फरक पडत नाही.

तर गुणवंता त्या संध्याकाळी घरून निघाला तो एक पाटी पोचवायले. सौसरले. एवढंच काम.

तारीख सांगतो. एकतीस ऑक्टोबर एकोणीसशे छप्पन, बुधवार, धनतेरस. त्या रात्री बारा वाजले की नागपूर आपलं राहणार नव्हतं. आजवर राजधानी, उद्यापासून परराज्य. आपण इकडे मध्यप्रदेशात, सोयरेधायरे तिकडे मुंबई राज्यात. कोणी विचारलं होतं का आपल्याले? नाही. अन् सौसरच्या एका कचेरीतल्या बाबूचा निरोप येते की 'आत येण्यास मनाई आहे' ही पाटी पुसून 'अंदर आना मना है' लिहून आण, उद्या साहेब यायच्या आत. मनाई तीच! पण घाई पाहा लेकाची. गुणवंतानं चरफडत पाटी पुसली, पांढरा हात मारून वाळवली, सायकलले बांधली. अक्षरं तिथंच लिहू म्हणे. पण त्याच्या डोक्यात पाटी नव्हतीच. त्याच्या खिशात एक टाक होता, अन् त्या टाकापायी त्याची बायको घरी तापानं फणफणून राहिली होती.

ते कसं, ते आधी सांगतो.

गुणवंता पाट्या रंगवे ते पोटासाठी. जीव त्याचा बायकांचे चेहरे काढण्यात. तसलं काही नाही रे, हसू नको! साधे चेहरे. कोळसा घ्यायचा अन् मोजक्या रेषा ओढायच्या. डोक्यावरचा पदर, नाक, कुंकू, झुकलेली नजर. दागिने नाही, मागं झाडं-डोंगर नाही. माय काढली, बहीण काढली, शेजारची काकू काढली. ज्या बाईवर माया, तीच त्याच्या हातून उतरे. एका शेठनं आपल्या सुनेले समोर बसवलं त दिवसभर घासून निघाली भोपळ्याले डोळे लावल्यावानी. "मायेशिवाय रेष येत नाही शेठजी," हा म्हणे. शेठ भडकला, "माह्या सुनेवर तू कायची माया करतो बे?"

अन् असा हा मायेचा माणूस, पण घरची बायको त्यानं कधी काढली नाही.

पंचफुला नाव तिचं. मोहगावची. कामधाम आटोपलं की संध्याकाळी तोंड धुवे, केसाले खोबरेल लावे, पदर नीट घेई, अन् दाराच्या चौकटीपाशी भिंतीले डोकं टेकून बसे. म्हणे, "बसू का?" म्हणजे, काढता का मले. हा म्हणे, "आज नाही, उद्या." रोज हेच. घरचीच बाई, कुठं पळून जाते? वरून तिच्यावरच डाफरे, "भिंत तेलकट करून राहिली तू!" तिच्या डोक्याचा गोल डाग पडे ना तिथं. दर दिवाळीले त्यावर चुना मारावा लागे, अन् दर दिवाळीले हा कुरकुर करे.

मंग एका उन्हाळ्यात पंचफुला तापानं गेली. याचा उद्या तसाच राहिला.

वर्षानंतर घरच्यायनं धरून-बांधून दुसरं लग्न ठरवलं. लोधीखेड्याची प्रेमलता. पाहायले गेला तो तोंड पाडून, अन् परत आला तो हसत. जीवच जडला पोरीवर. आता आपल्याकडची रीत अशी, की बिजवराच्या घरी आलेली बाई पहिलीचा टाक गळ्यात घालते. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर गेलेलीचा चेहरा. सणावाराले पहिला निवद तिले, नवं लुगडं आधी तिच्यापुढे. म्हणजे पहिली शांत राहते, दुसरीचा संसार होऊ देते. टाक करणार सौसरचा नत्थूजी सोनार. तो म्हणाला, "बाकीच्यायले मी कोणताही चेहरा ठोकून देतो. तू पेंटर आहेस बावा, तूच काढून आण."

हा काढायले बसला… अन् चेहराच आठवेना.

घरात एक फोटो नाही. तिचा आवाज आठवे, चालणं आठवे, तेलाचा वास आठवे. चेहरा कोरा! कागद फाडले, कोळसा आपटला, आपल्याच थोबाडीत मारून घेतली. लग्न तोंडावर आलेलं. शेवटी एकदाचा हात चालला अन् सुरेख चेहरा उतरला. फक्त तो पंचफुलाचा नव्हता. प्रेमलताचा होता.

समजून राहिले ना? जीव जिच्यावर, तीच उतरली. गुणवंतानं तेव्हाच ओळखलं. तरी दिला नेऊन नत्थूजीले. चांदीच्या तुकड्याले कोण एवढं निरखते, म्हणे. अन् लग्नाच्या दिवसापासून ती जितीजागती पोरगी स्वतःचाच चेहरा मेलेलीचा म्हणून गळ्यात घालून फिरू लागली.

पुढं तिले बारीक ताप लागला. अन्न अंगी लागेना. वैद्य झाले, नागपूरचे डॉक्टर झाले. पण पोरगी वाळतच चालली.

अन् त्या धनतेरसले सकाळी अंथरुणावर बसल्या बसल्या ती टाक चिंचेनं घासून राहिली होती. घासता घासता हात थांबला.

"अजी, इकडे या जरा. ह्या ताई माह्यावानी काहून दिसतात?"

गुणवंतानं मान फिरवली.

"अजी, मी विचारून राहिले."

मंग त्यानं सांगितलं. सारं. प्रेमलता ओरडली नाही, रडली नाही. टाकाकडे पाहत राहिली.

"म्हणजे इतके दिवस मी मलेच निवद दाखवून राहिले? अन् ताई उपाशी?"

तिनं गळ्यातला दोरा काढला अन् टाक त्याच्या हातावर ठेवला. "जा. तिचा चेहरा घेऊन या. माहा नका आणू. मले जगायचं आहे हो."

दिवसभर हा कोळसा घेऊन बसला. काही नाही. दुपारी तिचा ताप चढला. लोधीखेड्याहून तिची माय आलेली होती, ती उशाशी बसली. दिवेलागणीले म्हातारीनं दक्षिणेकडे वात करून यमाचा दिवा ठेवला, अन् गुणवंता सायकलवर टांग टाकून निघाला. नत्थूजीनं पंचफुलाचे दागिने घडवले होते, त्याले तरी चेहरा आठवत असेल म्हणे. वाटेत मोहगाव, तिथं पंचफुलाची माय वच्छला. पण तिच्यापुढे कोणतं तोंड घेऊन जाणार? तुमच्या पोरीचं नाक कसं होतं, सांगता का? स्वतःच्या बायकोचा चेहरा विसरलो म्हणून सांगणार? रस्ताभर स्वतःले शिव्या देत गेला.

त्यात सायकलची चेन. एकदा उतरली, बसवली. पुन्हा उतरली. मोहगावच्या अलीकडे, नाल्याजवळ, तुटलीच. काळोख असा की हातातली चेन दिसेना. मागंपुढं बैलगाडी नाही. रस्त्याच्या कडेले संत्र्याची बाग, बागेत राखणदाराची खोपडी. अन् खोपडीत दिवा.

"कोणी आहे का?"

कोणी नाही. खाली मातीवर एक पणती. वात दक्षिणेकडे. धनतेरस आहे, राखणदार ठेवून घरी गेला असेल, असं याले वाटलं. सायकल टेकवली, पाटी सोडून आत घेतली, अन् मटकन बसला. टाक खिशातून काढून पाहिला. प्रेमलता त्याच्याकडे पाहून राहिली होती. घरी ती जिती असेल का आता? तो रडला. खोटं कायले सांगू, ढसाढसा रडला, असं त्यानंच सांगितलं.

मंग रातकिडे थांबले.

सारे. एकदम.

वास आला.

खोबरेल तेलाचा.

"…बसू का?"

खोपडीच्या दाराशी, मेढीले डोकं टेकून, कोणी बसलं होतं. पदर पुढं ओढलेला. पदराआत अंधार.

 गुणवंता उठायले गेला. हात रंगाच्या डब्यावर पडला.

"आज… का उद्या?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रोजच्यासारखा होता. थकलेला. विचारून विचारून कंटाळलेला.

"आज," हा म्हणाला. "आत्ता. बस तू… बस."

कागद नाही. कोळसा नाही. काळ्या रंगाचा डबा होता, ब्रश होता, अन् ती पाटी. पाटी मांडीवर घेतली. ब्रश बुडवला.

"पदर… जरासा मागं घे."

तिचा हात हलला नाही.

पदर सरकला.

…

मी त्याले विचारलं होतं, काका, पाहिलं का तुम्ही?  म्हातारा म्हणाला, "पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं." पुढं काही नाही. डोळे पुसले अन् आत गेला.

शेवटची रेष ओढली अन् पणती विझली.

उजाडलं तेव्हा हा खोपडीत एकटा. मांडीवर पाटी, पाटीवर एक बाई. अन् गंमत म्हणा का छळ म्हणा, याले ओळखूच येईना! हीच का ती? रात्री पाहिलेलं सारं पुन्हा कोणी पुसून नेल्यावानी. आता वच्छलाशिवाय कोण सांगेल? लाज गेली खड्ड्यात. सायकल ढकलत मोहगाव गाठलं.

म्हातारी अंगणात सडा टाकून राहिली होती. यानं काही न बोलता पाटी तिच्याकडे वळवली. बादली पडली हातातून.

"पंचे! माहे माय…"

जवळ आली. रंग पुरता वाळला नव्हता तरी गालावरून हात फिरवला. मंग डाव्या भुवईपाशी बोट थांबलं.

"हा व्रण तुले ठाऊक होता?"

"कोणता?"

"हा बघ, हा. लहानपणी खाटेवरून पडली होती. भुवईच्या केसात दडून राहे. अगदी जवळून पाहिल्याशिवाय दिसत नव्हता कोणाले."

"मले… नव्हतं माहीत."

वच्छला त्याच्याकडे पाहत राहिली. "नव्हतं माहीत? तुह्याच घरात होती ना रे ते?"

 गुणवंतानं मान खाली घातली अन् निघाला. नत्थूजीनं दिवाळीची सारी गिऱ्हाइकं बाजूले ठेवून जुना टाक वितळवला, पाटीवरून नवा उठवला. व्रणासकट. कचेरीतला बाबू बोंबलला, "ये कौन औरत है? हमारी पाटी कहाँ है?" हातात आला त्या पत्र्यावर गुणवंतानं 'अंदर आना मना है' खरडून दिलं. नवा टाक घेऊन परत निघाला, वाटेत ती पाटी वच्छलाच्या घरी ठेवली, म्हातारीनं ती देवघरात लावली. तिथून कोणाच्या बैलाच्या खाचरात बसून पांढुर्ण्याले पोचला तेव्हा दिवे लागून राहिले होते.

जीव मुठीत धरून घरात शिरला. पाहतो त प्रेमलता उठून बसलेली, भाकर कुस्करून खाऊन राहिलेली!

"ताप पहाटेच उतरला," सासू म्हणाली. "मले डुलकी लागली होती. जागी झाले त पोरगी घामानं भिजलेली."

प्रेमलतानं हात पुढं केला. यानं टाक दिला. तिनं चेहऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"ह्याच होत्या," म्हणे.

"कोण?"

"रात्री दाराशी ह्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, कोण आहे? त म्हणे, बसू का? मी म्हटलं, बसा ना ताई. घर तुमचंच आहे."

गुणवंता वळला. दिवाळीचा म्हणून त्यानं परवाच आपल्या हातानं चुना मारला होता. चौकटीजवळची भिंत दुधावानी पांढरी. अन् त्यावर, बसलेल्या बाईचं डोकं जिथं टेकते, बरोबर तिथं…

त्यानं बोट लावलं. वास घेतला. मंग तो तिथंच, उंबऱ्यावर, बसून राहिला.

झालं. प्रेमलता पुढं म्हातारी होऊन, नातवंडं खेळवून गेली. दर सणाले पहिला घास ताईले. गुणवंतानं त्या जागी पुन्हा चुना मारला नाही, कोणाले मारू दिला नाही. दोघं गेल्यावर त्यांच्या पोरायनं घर विकलं, अन् माह्या बापानं घेतलं.

हाव. हेच घर. काय पाहून राहिले एकमेकाकडे? मी पुट्टी घासून घेतली, गेल्या दिवाळीले भारीतला प्लास्टिक पेंट मारला.

श्रीकांत, तू केसाले तेल लावतो का रे?

नाही ना…

मंग जरा पुढं सरक. अनुराधा, कंदील आण इकडे. अन् हात नको लावू कोणी, आज धनतेरस आहे. ओला असते.