मशीन तापली की…

कळमनुरीला नांदेड रोडवर भागवतकाकांचं लेझर कटिंगचं दुकान आहे. आमच्या गावच्या महादेवाच्या गाभाऱ्याला स्टीलची जाळी हवी होती म्हणून मी गेले, अन् मशीन नेमकी बंद!

"काहून बंद?"

"तापली," मशीनवरचा मुलगा म्हणाला. "भिंग मधोमध तापलं की उजेड आपली जागा सोडतो. मग पत्रा कापत न्हाई, नुसता वितळवतो. बसा थोडं… गार होऊन राहिली."

बसले. बाहेर आभाळ दाटलेलं, पण पाऊस पडत नव्हता.

तो रणजीत, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. पुढे काकांनी मला तिथंच नक्षी काढायच्या कामावर ठेवलं. सगळे मला ताई म्हणायचे… तो काहीच म्हणायचा नाही. मशीन तापली की आमच्या गप्पा सुरू.

"आज कशाचा उपवास?"

"सोमवार."

"अन् परवा?"

"एकादशी."

"मग जेवता कवा?"

"मशीन चालू असते तेव्हा," मी म्हणाले. तो असा हसला, की मला खाली पाहावं लागलं.

"अन् खोटं न्हाई बोलायचं, तेबी व्रतच?"

"रोजचं."

"अवघड हाय बाई."

त्यानं मनातलं विचारलं असतं, तर खरंच सांगितलं असतं. पण तांडा अन् आमचं गाव… सोयरीक कशी जमायची?

दिवाळीनंतर काकांनी नवं भिंग बसवलं, भोवती सतत गार पाणी खेळणारं. मशीन आता तापेना, थांबेना. त्या आवाजाच्या पलीकडून आम्ही नुसते एकमेकांकडे पाहायचो.

मग वाशिमचं स्थळ आलं. माझ्या वडलांनी, आबांनी, शब्द दिला, सुपारी फुटली.

कामाच्या शेवटच्या दिवशी मी निघाले, तेवढ्यात मशीन थांबली.

"आता काहून बंद केली रे?" काका आतून ओरडले.

"तापली, काका!"

मी जवळ जाऊन भिंगाभोवतीच्या पाण्याच्या नळीवर हात ठेवला. गार होती… देवळातल्या फरशीसारखी.

"इतके दिवस बोलला न्हाई तुमी," मी हळूच म्हणाले.

"आज बोललो. उशीर झाला ना?"



काका दारात आले. "साधना, तूच सांग गं. तू काही खोटं बोलायची न्हाईस. खरंच तापली का?"

हात तसाच ठेवून मी म्हणाले, "हो काका… लई तापली. वेळ लागेल."

बसलो दोघं, पहिल्यासारखे.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला. खोट्याची माफी मात्र काही मागितली नाही.