क्लोटिल्डाच्या आधीचा सोमवार

पिशवी फाटली ती नेमकी ट्रॅम गच्च भरलेली असताना. बीट घरंगळत लोकांच्या बुटांखाली गेले आणि पिशवीत बिटांखाली लपवलेल्या आमच्या भूमिगत वर्तमानपत्राचा कोपरा बाहेर डोकावू लागला. त्रेचाळीस सालच्या त्या फेब्रुवारीत वॉर्सामध्ये तो कागद जर्मनांना सापडला, की माणूस परत येत नसे. मी बीट गोळा करायला खाली वाकले.

तेवढ्यात एक उंचच उंच माणूस शेजारी गुडघ्यांवर बसला. त्याने तो कोपरा पाहिला, मग मला पाहिलं, आणि गळ्यातला मफलर काढून पिशवी करकचून बांधली. वर माझ्यावरच डाफरला.

"दोन खेपा कर म्हणून सांगितलं होतं ना? पण ऐकेल ती माझी बायको कसली..."

आजूबाजूचे लोक हसले. पुढच्या थांब्यावर तो उतरला. बाहेर बर्फमिश्रित पाऊस होता, आणि त्याच्या उघड्या मानेवर तो पडताना मी काचेतून बघत राहिले. नवऱ्यासारखं हक्काने मला तोवर कुणी रागावलं नव्हतं.

मी लेओकादियाबाईंच्या दुकानात कामाला होते. बायकांच्या रेशमी मोज्यांचे सुटलेले टाके बारीक आकड्याने उचलायचे, दिवसभर खिडकीत बसून. मोज्यांच्या पुडक्यांतून कागद यायचे आणि जायचे, ते खरं काम. पुढच्या सोमवारी दार उघडलं आणि तोच माणूस आत आला, हातात एक फाटका मोजा घेऊन. ठरलेलं वाक्य म्हणाला. मी ठरलेलं उत्तर दिलं, पण माझा आवाज ठरल्याप्रमाणे निघाला नाही.

संघटनेत त्याचं नाव बगळा होतं आणि ते त्याला शोभायचंही. माझं नाव सुई. खोट्या ओळखपत्रावर मी स्टेफानिया होते. खरं नाव कुणी कुणाला सांगायचं नाही, हा पहिला नियम. जे माहीत नाही, ते मारूनही काढून घेता येत नाही.

दर सोमवारी आणि गुरुवारी तो यायचा. मोजा नेहमी तोच, त्याच्या मावशीचा म्हणे, दर वेळी नव्याने फाडलेला. या मावशी चालतात तरी कशा, असं लेओकादियाबाई विचारायच्या.

आमच्याकडे वाढदिवसाचं कौतुक नाही. कॅलेंडरवर रोजच्या तारखेला संतांची नावं छापलेली असतात; ज्या दिवशी आपलं नाव असतं, तो आपला दिवस. बगळ्याने त्याचाच खेळ केला. यायच्या आधी कॅलेंडर बघायचा, त्या दिवशी बाईचं नाव असलं की कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून चार फुलं घ्यायचा आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणायचा, "अभिनंदन, बेआता?"

मी नकारार्थी मान हलवायची. तो सुस्कारा टाकून फुलं तरीही ठेवून जायचा. दोन आठवड्यांनी काताझिना. तीही मी नव्हते. एप्रिलमध्ये जर्मनांनी भिंतीआड कोंडलेली ज्यूंची वस्ती जळत होती आणि धूर आमच्या खिडकीत येत होता. त्या दिवसांत त्याने फुलं आणली नाहीत, खेळही केला नाही. नुसता उभा राहायचा आणि मी टाके उचलायची.

संध्याकाळी खोलीवर गेले की माझ्याशी बोलायला कुणीही नसायचं. घरचे दूर गावी, त्यांना पत्र लिहायची सोय नाही. दोन वर्षांत माझ्या खऱ्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. कधीकधी मी उशीत तोंड खुपसून ते स्वतःच म्हणून बघायची. त्याच्या तोंडून ते एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं. आणि तेवढंच मागता येत नव्हतं.

मे महिन्याच्या एकतीस तारखेला, सोमवारी, तो लिली ऑफ द व्हॅलीचा गुच्छ घेऊन आला. घंटेसारख्या पांढऱ्या फुलांवर अजून पाणी होतं.

"आज मला खात्री आहे," तो म्हणाला. "अभिनंदन, आनिएला."

मला एकदम हसू फुटलं. त्याचं बोलणं संपायच्या आतच.

"नाही?"

"नाही." मी खोटं बोलत नव्हते.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोजा उचलत म्हणाला, "गुरुवारी क्लोटिल्डा आहे. तुम्ही क्लोटिल्डा निघालात, तर मात्र मला जरा विचार करावा लागेल."

"आणि तुमचं नाव काय, हो?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्हीही कॅलेंडर बघा की..." असं म्हणून तो गेला. दारातून वाकून गेला, नेहमीसारखा.

गुरुवारी तो आला नाही. दुपारी लेओकादियाबाईंनी पडदा ओढला आणि माझ्या हातात पिशवी दिली. बगळ्याला पकडलं होतं. त्याला दुकान माहीत होतं, आमचे चेहरे माहीत होते, म्हणून दोघींनी तिथून हलायचं, हा दुसरा नियम. मी नदीपलीकडे एका कपाटामागच्या खोलीत तीन आठवडे काढले. दुकानाकडे जर्मनांपैकी कुणीही फिरकलं नाही. कुणीच नाही. तो काय सोसत असेल, ते मला त्यावरूनच कळत होतं.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुरुंगात कपडे धुणाऱ्या बाईने सिगारेटच्या कागदाची गुंडाळी आणून दिली. मुंगीएवढी अक्षरं होती.

'एकतीस तारखेला दोन नावं छापलेली असतात. मी पहिलं वाचलं. पण मी बोलून संपायच्या आतच तू हसलीस. दुसरं इथे लिहीत नाही. रोज मनात म्हणतो. फार सुंदर नाव आहे, त्याची लाज वाटून घेऊ नकोस.'

लाज वाटायचीच मला. पेत्रोनेला. आजीच्या आजीचं वाटावं असं नाव.

ट्रॅममधलं ते नाटक सोडलं, तर एवढे दिवस आम्ही एकमेकांना अहोजाहो करत होतो. कागदावर तो मला 'तू' म्हणाला होता. मी तसलाच कागद घेतला, नियम गुंडाळून ठेवला आणि त्यावर एकच शब्द लिहिला. माझं नाव.

ती बाई दोन दिवसांनी आली आणि माझा कागद तसाच परत देऊन गेली. त्याच्या कोठडीतल्या सगळ्यांना आदल्या पहाटे नेलं होतं. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. लेओकादियाबाई म्हणाल्या, जाळ तो. मी जाळला. मग खिडकीत बसून टाके उचलू लागले, कारण गिऱ्हाईक थांबलं होतं.

युद्ध संपल्यावर मी खूप विचारलं. पण बगळा नावाच्या माणसाची चौकशी करायची तरी कुठे? त्याचं खरं नाव सांगू शकेल असं कुणी उरलं नव्हतं.

मी लग्न केलं नाही. आता स्वयंपाकघरात रोजचं पान फाडायचं कॅलेंडर असतं. सकाळी चहा ठेवते, पान फाडते आणि त्यावरचं पुरुषाचं नाव मोठ्याने वाचते. दोन असतील तर दोन्ही. एकही सोडत नाही. अभिनंदन, चेस्वाव. अभिनंदन, एडवर्ड. तो मान हलवत असेल, सुस्कारा टाकत असेल...

पण वर्षातून एक दिवस मी त्याला बरोबर नावाने हाक मारते. कोणता, ते मात्र मला कळत नाही.