एकाच किल्लीच्या दोन होड्या

"सर्व एकसष्ट होड्या बंदरात परतल्या आहेत," सुकाणूने जाहीर केलं आणि धक्क्यावरच्या बायकांनी समुद्राला हात जोडले.

सुकाणू हा खारवडे बंदराचा यंत्रमानव. २०६३ सालच्या त्या दिवसापर्यंत त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. पण बारा वर्षांची जुईली तांडेल धक्का दोनदा पालथा घालून आली होती आणि तिच्या पपांची 'एकवीरा' कुठेच नव्हती. वादळाचा वारा वाढत चालला होता. ती धापा टाकत नियंत्रण कक्षात शिरली. तिथे तिचे आजोबा हरेश्वर बसले होते. सुकाणूचा प्रोग्राम (संगणकाला दिलेल्या सूचना) त्यांनीच 'जावा' या संगणकाच्या भाषेत लिहिला होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

"आज्या, पपा आलं नाय!"

"सुकाणू, एकवीरा कुठं आहे?"

"बंदरात. धक्का क्रमांक चार," पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

"ती दामूकाकाची नवी एकवीरा. आपली नाय!" जुईली रडवेली झाली.

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं चुकलं, गो," ते म्हणाले आणि त्यांची बोटं कीबोर्डवर धडाधड चालू लागली.

"सुकाणू होडी शोधतो तरी कसा?" जुईलीने विचारलं.

"प्रत्येक होडीकडनं दर मिनिटाला संदेश येतो: नाव, नंबर, ठिकाण. ही माहिती एकत्र बांधली की झाला एक ऑब्जेक्ट. हे ऑब्जेक्ट नुसते यादीत ठेवले, तर हवा तो मिळेपर्यंत पहिल्यापासनं एकेक बघावा लागतो. म्हणून मी मॅप (किल्ली आणि ऑब्जेक्ट यांच्या जोड्यांचा साठा) वापरला. तुझी आय हळदीसाठी सगळे डबे उघडते का? चिठ्ठी वाचून नेमका डबा काढते. तसाच संगणक किल्लीवरनं, म्हणजे ऑब्जेक्टच्या चिठ्ठीवरनं, कप्पा ठरवतो आणि थेट तिथंच जातो. 'पुट' म्हणजे ठेव, 'गेट' म्हणजे दे."

"मग पपा त्यातनं गेलं कुठं?"

"एका किल्लीला एकच ऑब्जेक्ट. त्याच किल्लीनं दुसरा ठेवला, की पहिला जातो आणि मॅप चकार शब्द काढत नाय. मी किल्ली केली होडीचं नाव. दर मिनिटाला तुझ्या पपाचा संदेश येतो; मागोमाग दामूचा येतो, तो त्याच्या जागी बसतो."

जुईलीला समजलं आणि तिला रागही आला. "आज्या, आपल्याकडं एकवीरा काय एकच असते होय?"

आजोबांनी किल्लीची ओळ पडद्यावर आणली.

"मग दोघींचं जे सारखं नसतं, ते किल्ली कर ना! नंबर!"

आजोबांनी मान डोलावली. आलेले मूळ संदेश वेगळ्या नोंदीत शाबूत होते. त्यांनी किल्लीची ओळ बदलली आणि सगळे संदेश नव्या मॅपमध्ये पहिल्यापासून भरले. जुईलीला नंबर तोंडपाठ होता, कारण दरवर्षी होडी रंगवताना तो तीच काढायची.

"गेट, चारशे अठरा," आजोबा म्हणाले.

"एकवीरा. इंजिन बंद. बंदरापासून नऊ मैल नैर्ऋत्येला. शेवटचा संदेश एक मिनिटापूर्वी."

बचावनौका तत्काळ सुटली. जुईलीने सुटकेचा निःश्वास टाकला. आजोबा मात्र पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिले. नव्या मॅपमध्ये एकसष्ट नव्हे, चौसष्ट होड्या होत्या.

"अजून दोन," ते पुटपुटले. 'दर्यासागर' दोन निघाल्या, 'सोनपरी' दोन. दोन्ही जोड्यांतली एकेक होडी अजून समुद्रात होती आणि त्यांच्या घरची माणसं निश्चिंत मनाने घरी निघाली होती.

आजोबांनी सुकाणूला गप्प केलं आणि स्वतः माइक हातात घेतला. "थांबा. अजून तीन होड्या बाहेर आहेत. चूक माझी आहे." आपल्या आज्याला असं सगळ्यांसमोर बोलताना पाहून जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवेलागणीच्या आधी तिन्ही होड्या ओढून आणल्या. पपांच्या ओल्या अंगाला जुईली कितीतरी वेळ बिलगून राहिली.

मग ती पुन्हा कक्षात आली. आजोबांचा हा प्रोग्राम किनाऱ्यावरच्या आणखी अकरा बंदरांनी घेतला होता. त्यांना पत्र लिहायला बसलेल्या आजोबांना सुरुवातच सुचेना.

जुईलीने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि पहिलं वाक्य लिहिलं: "तुमच्या होड्या आत्ताच्या आत्ता नंबरावरून पुन्हा मोजा."